जिनच्या बाटलीतला वास आणि आमच्या रानातला मोह

मागच्या महिनाभरात पेट देऊन बसलेल्या चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "ताई, विषय कसा ठरवायचा?" यावर 'सहा सोप्या पायऱ्या' सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मी पायऱ्या सांगणार नाही. माझा विषय ठरताना माझी पहिली आठ-नऊ महिन्यांची मेहनत कशी पाण्यात गेली ते सांगते. पाण्यात म्हणजे खरं तर व्हिनेगरमध्ये. ते पुढे येईलच.

सुरुवात एका रिकाम्या बाटलीपासून झाली. आमच्या लॅबमधल्या एका सीनियरने कुठल्या तरी पार्टीनंतर क्राफ्ट जिनची बाटली टेबलावर आणून ठेवली, फ्लॉवरपॉट म्हणून. मी जिन पीत नाही, पण लेबल वाचायची सवय आहे. धणे, वेलची, दालचिनी, ज्येष्ठमध, संत्र्याची साल. वाचून हसू आलं. ही तर आमच्या मुरबाडच्या घरातली मसाल्याची यादी! मग डोक्यात किडा वळवळला: आमच्या शहापूर-मुरबाडच्या रानात जे सुगंधी पाला-मूळ-फूल आहे, त्यातलं काय अशा बाटलीत जाऊ शकेल? आणि गेलंच, तर बाटलीत नेमकं काय पोचेल, वनस्पती की तिचा एखादाच रेणू?

आधी जिन म्हणजे काय ते थोडक्यात. जवळजवळ शुद्ध, बिनवासाचं अल्कोहोल घ्यायचं, त्यात सुगंधी वनस्पती भिजवायच्या किंवा त्यांच्यातून वाफ न्यायची, आणि पुन्हा ऊर्ध्वपातन करायचं. या वनस्पतींना धंद्यात 'बोटॅनिकल्स' म्हणतात. अट एकच, पण कडक आहे: जुनिपरचा वास पुढे असला पाहिजे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमानुसार जिनमध्ये अल्कोहोल किमान ३७.५ टक्के हवं. 'लंडन जिन' म्हणवून घ्यायचं तर एका लिटरमध्ये ०.१ ग्रॅमहून जास्त साखरही चालत नाही. जुनिपर म्हणजे आयुर्वेदातली हपुषा, उत्तरेकडची हाऊबेर. 'बेरी' म्हणतात, पण ते फळ नाही, सूचिपर्णी झाडाचा मांसल शंकू आहे. आपल्या सह्याद्रीत ती होत नाही. हिमालयात होते, युरोपात होते. गोव्यातल्या नाओ स्पिरिट्सने २०१७ मध्ये 'ग्रेटर दॅन' आणि नंतर हिमालयातलं जुनिपर वापरून 'हपुसा' नावाचीच जिन काढली. 'स्ट्रेंजर अँड सन्स'ही गोव्याचीच. राजस्थानचं नाव लावणाऱ्या 'जैसलमेर'मध्ये वाळा आणि दार्जिलिंगचा हिरवा चहा असतो. थोडक्यात, गेल्या काही वर्षांत आपल्याकडे 'स्थानिक वनस्पती' हा जिनचा विकण्याचा मुद्दा झाला आहे. मुद्दा चांगला आहे. पण 'स्थानिक' हा शब्द लेबलवर लिहिणं सोपं आणि प्रयोगशाळेत सिद्ध करणं कठीण. संशोधनाचा विषय तिथेच सापडतो.

माझी पहिली यादी वहीत अशी होती: गुळवेल, करवंद, आवळा, तिरफळ, गवती चहा, आंबेहळद, उपळसरी, मोह. गाईड मॅडमनी यादी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "यातलं भट्टीतून वर काय येतं?"

हा प्रश्न इतका साधा आहे की तो मला सुचला नाही याची आजही लाज वाटते.

ऊर्ध्वपातनात भांड्यातून फक्त वाफ वर जाते. जे रेणू हलके, उडणारे, तेच वाफेबरोबर जातात. बाकी सगळं खाली चोथ्यात राहतं. आता यादी बघा. गुळवेल आमच्या भागातली मोठी गोष्ट आहे. कोविडच्या काळात शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांना गुळवेल पुरवली, त्याच्या बातम्या देशभर झाल्या. पण गुळवेलीचं सगळं महत्त्व कडू द्रव्यांत, आणि ती जड, न उडणारी. भट्टीत घालाल तर कडूपणा भांड्याच्या तळाशी. आवळ्याचा तुरटपणा टॅनिनचा, तोही खालीच. करवंदाचा रंग खाली, आंबटपणा खाली. मिरचीचा जाळ, मिऱ्याचा तिखटपणा, हळदीचा पिवळेपणा, सगळं खाली. तिरफळ घालून केलेली बांगड्याची आमटी खाल्ली असेल तर जीभ मुंग्या आल्यासारखी थरथरते ते आठवत असेल. ते काम सॅन्शूल नावाच्या रेणूंचं, तेही वर येत नाहीत. वर येतो तो तिरफळाच्या सालीचा लिंबासारखा, थोडा लाकडी वास. त्यात सॅबिनीन असतं, आणि सॅबिनीन जुनिपरमध्येही असतं. म्हणून आपल्या वनस्पतींतून जुनिपरच्या शेजारी बसवायचं एकच नाव सांग म्हटलं तर मी तिरफळ म्हणेन.

आणि ज्येष्ठमध? त्याचा गोडवा ग्लिसिऱ्हायझिन या रेणूचा. त्याचं रेणुभार ८०० च्या वर आहे, तो वाफेबरोबर उडण्याचा प्रश्नच नाही. तरीही अनेक ऊर्ध्वपातित जिनच्या लेबलवर ज्येष्ठमध असतं आणि वर्णनात 'गोडसर' लिहिलेलं असतं. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. ज्येष्ठमधाला स्वतःचा मंद वास आहे, आणि काही वास जिभेला गोडीची आठवण करून देतात. व्हॅनिलात साखर नसते, तरी आपण त्याला 'गोड वास' म्हणतोच. पण 'गोड लागतं' आणि 'गोड वास येतो' यांत फरक करणं हे आपलं काम आहे. संशोधन सुरू करताना कुठल्याही वर्णनातल्या विशेषणाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि विचारा, हे जिभेचं की नाकाचं? जिन-टॉनिकचा कडूपणासुद्धा जिनचा नसतो, टॉनिकमधल्या क्विनीनचा असतो.

इथे विद्यार्थी हमखास एक शंका काढतात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पण जुनिपरमधलं अल्फा-पायनीन १५६ अंशांना, आणि धण्यातलं लिनालूल तर १९८ ला. मग हे वर येतातच कसे? येतात, कारण वाफ होण्यासाठी पदार्थ स्वतः उकळायलाच हवा असं नाही. वाळत घातलेलं धोतर शंभर अंश न गाठता वाळतंच की. प्रत्येक द्रव आपल्या बाष्पदाबाप्रमाणे थोडा थोडा वाफेत जात असतो, आणि अल्कोहोल-पाण्याची वाफ सतत वाहत असली की त्या प्रवाहाबरोबर तो ओढला जातो. म्हणूनच धार चालू असताना वास बदलत जातो. साधारणपणे लिंबूवर्गी सालीचे वास आधी, मग जुनिपर-धणे, आणि शेवटी मुळांचे, मातकट वास.

'पहिल्या धारेची' हा शब्द मराठीत ज्या कौतुकाने वापरतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण पद्धतशीर भट्टीवाला पहिली धार बाजूला काढतो. तिच्यात असेटाल्डिहाइड, इथाइल असिटेट अशी तिखट वासाची हलकी द्रव्यं जास्त असतात. मधली धार ठेवायची, शेवटची पुन्हा बाजूला. इथे एक गैरसमज मात्र दूर करते: पहिली धार टाकली की मिथेनॉल गेलं, असं बरेच जण मानतात. पाणी-इथेनॉलच्या मिश्रणातून मिथेनॉल सगळ्या धारांत थोडं थोडं येत राहतं. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. तेव्हा हे वाचून कुणी घरी कुकरला नळी जोडू नका. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, आणि लॅबमध्येसुद्धा अल्कोहोलचा हिशेब उत्पादन शुल्क खात्याला द्यावा लागतो.

असो. तर यादीत उरलं काय? तिरफळ, गवती चहा, आंबेहळद, उपळसरी आणि मोह. गवती चहाचा वास सिट्रालचा. त्यावर एवढं काम झालेलं आहे की नवीन विद्यार्थ्याने तिकडे जाऊ नये. आंबेहळदीचा कैरीसारखा वास मला फार आवडतो, पण आमच्याकडे ती परसात असते, रानातली म्हणता येत नाही. मी मोह धरला. कारण भावनिक होतं, कबूल करते. आजोळच्या घरामागे मोहाचं झाड होतं आणि फाल्गुनात पहाटे येणारा त्याचा वास मला पाठ होता, किंवा पाठ आहे असं मला वाटत होतं.

आता व्हिनेगरची गोष्ट. मी आठवडी बाजारातून दोन किलो सुकी मोहफुलं आणली, डब्यात भरली आणि लॅबच्या कपाटात ठेवली. पावसाळा होता. पुढचे काही महिने अर्क काढणं, जीसी-एमएसवर तारीख मिळवणं, मशिन बंद पडणं, पुन्हा तारीख, हे चालू राहिलं. ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी: जीसी म्हणजे एक लांबलचक, केसासारखी बारीक नळी, गरम पेटीत गुंडाळलेली. मिश्रणाची वाफ एका टोकातून सोडली की वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या वेळी दुसऱ्या टोकाला पोचतात. तिथे एमएस त्यांचे तुकडे करून वजन करतं आणि कागदावर डोंगररांग उमटते. प्रत्येक डोंगर म्हणजे एक 'पीक'. (गावी काकांना सांगितलं की माझं पीक चांगलं आलंय, तर त्यांनी विचारलं, कुठल्या शेतात?) आपण शिखर म्हणू.

माझ्या डोंगररांगेत एक शिखर माहुलीच्या सुळक्यासारखं उभं होतं. मी आनंदाने उडी मारली, मोहाच्या वासाचा रेणू सापडला! मॅडमनी ग्रंथालयाशी जुळवून पाहिलं. असेटिक आम्ल. फुलं नीट सुकलेली नव्हती, मोहात निम्म्याहून जास्त साखर असते, कोंदट डब्यात ती आंबली होती. मॅडम म्हणाल्या, "तू मोहाचा नाही, व्हिनेगरचा अभ्यास केलास."

ही चूक साठवणुकीची होती, पण तिच्या आत दुसरी, मोठी चूक लपलेली होती आणि मला वाटतं बहुतेक नवे विद्यार्थी ती करतात. मी धरून चालले होते की सगळ्यांत उंच शिखर म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा वास. यंत्र मोजतं ते प्रमाण. नाक मोजतं ते वेगळंच काही.

प्रत्येक रेणूचा एक उंबरठा असतो. त्याहून कमी प्रमाण असेल तर नाकाला कळत नाही, जास्त असेल तर कळतं. हे उंबरठे रेणूगणिक हजारो पटींनी बदलतात. जुनिपरमधल्या बीटा-पायनीनचा पाण्यातला उंबरठा साधारण १४० पीपीबी, म्हणजे अब्ज भागांत १४० भाग, धरतात. लिनालूलचा सुमारे ६. आणि २-असेटाइल-१-पायरोलीन नावाचा एक रेणू आहे, त्याचा ०.१. हा ०.१ डोळ्यांसमोर आणायचा तर दहा हजार लिटरचा टँकर घ्या. असे एक हजार टँकर उभे करा आणि सगळ्यांत मिळून एक ग्रॅम टाका. तरी नाकाला कळेल. (शहापूरकरांना टँकरचं माप समजावून सांगावं लागत नाही. भातसा, तानसा, वैतरणा, मुंबईची तहान भागवणारी धरणं आमच्या उशाला आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर.)

आता हिशेब करू. समजा एका नमुन्यात बीटा-पायनीन ७०० पीपीबी आहे आणि हा दुसरा रेणू फक्त २. कागदावर पहिल्याचं शिखर दुसऱ्याच्या काहीशे पट, दुसरा दिसणारसुद्धा नाही. पण प्रमाणाला उंबरठ्याने भागा. पहिल्याचं उत्तर ७०० भागिले १४०, म्हणजे ५. दुसऱ्याचं २ भागिले ०.१, म्हणजे २०. नाकापुरता दुसरा रेणू चौपट वजनदार. या भागाकाराला गंध-मूल्य म्हणतात. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, आणि हे उंबरठे पाण्यातले आहेत. चाळीस टक्के अल्कोहोलमध्ये ते बरेच वर सरकतात, कारण हे रेणू अल्कोहोलमध्ये सुखाने विरघळून बसतात, हवेत यायला तयार नसतात. म्हणून तर चव घेणारे लोक मद्यात थोडं पाणी घालून मग वास घेतात.

या लांबलचक नावाच्या रेणूला आपण २एपी म्हणू. त्याची ओळख तुम्हा सगळ्यांची आहे. आंबेमोहोर शिजताना शेजारच्या घरापर्यंत जो वास जातो, तो मुख्यतः त्याचाच. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात बटरी आणि सहकाऱ्यांनी शिजलेल्या सुवासिक भातात तो महत्त्वाचा गंधरेणू म्हणून दाखवला. भातात घालायच्या बासमतीच्या पानातही तोच. मक्याच्या लाह्यांतही तोच. आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले जीवरसायनशास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांना तो सापडला वाघाच्या मूत्रमिश्रित फवाऱ्यात, ज्याने वाघ आपली हद्द आखतो. रानात वाघ गेल्याच्या जागी भात शिजल्यासारखा वास येतो, ही जंगलात राहणाऱ्यांची गोष्ट ऐकली असेल तर ती थाप नाही. याच ब्रह्मचारींनी १९९६ मध्ये मिद्या यांच्याबरोबर 'करंट सायन्स'मध्ये एक छोटा लेख लिहिला: मोहाच्या फुलाच्या वासातही २एपी आहे.

तो लेख मी विषय घेण्याच्या आधी वाचायला हवा होता. मी तो व्हिनेगरनंतर वाचला.

त्यानंतरच्या फाल्गुनात मी मुरबाडच्या बाजूच्या एका ठाकूरवाडीत गेले. एका आजींबरोबर फुलं वेचायला. माझ्या पिशवीत अभिमानाने सुक्या फुलांची पुडी होती, नमुना म्हणून. आजींनी पुडी नाकाला लावली आणि परत दिली.

"ह्यो मोहाचा वास न्हाई पोरी. ह्यो गुळाचा वास."

"मग मोहाचा कुठला?"

"पहाटं येतो, फूल पडतं तवा. ऊन चढलं का गेला."

दोन वाक्यांत मला नमुना कधी, कुठून आणि कशा अवस्थेत घ्यायचा याचा आराखडा मिळाला. फूल रात्री उमलतं, पहाटे गळतं. रसाळ पाकळ्यांची ती फुलं अंगणात पसरून वाळवली की दोन-चार दिवसांत पांढरट-पिवळी फुलं तांबूस तपकिरी होतात, आणि वास मनुकांकडे, गुळाकडे सरकतो. साखर आणि अमिनो आम्लं यांची ती प्रक्रिया, भाकरी भाजताना होते तीच. म्हणजे 'मोहाचा वास' ही एक गोष्ट नाहीच. ताज्या फुलाचा एक, सुक्याचा दुसरा, आंबवून गाळलेल्याचा तिसरा. जिनवाल्यांच्या आयरिसच्या मुळाचं याच्या उलट आहे: ते ताजं असताना बिनवासाचं, आणि काही वर्षं सुकवून ठेवलं की मग त्याला जांभळ्या व्हायोलेट फुलांचा वास येतो. कुठल्याही वनस्पतीचा 'वास' अभ्यासताय म्हणालात, तर पहिला प्रतिप्रश्न हाच येणार: कधीचा?

त्या पहाटेची फुलं मी बर्फाच्या डब्यात घालून आणली. यावेळी अर्क काढला नाही. बंद कुपीत फूल ठेवून वरच्या हवेत एक बारीक, लेप दिलेला तंतू धरायचा, तो वास शोषतो, आणि तोच तंतू जीसीत घालायचा. आणि आणखी एक सोय वापरली. काही यंत्रांत नळीच्या शेवटी वाट दुभागलेली असते: अर्धी वाफ यंत्राकडे, अर्धी एका काचेच्या शंकूकडे, जिथे माणूस नाक लावून बसतो. वास आला की बटण दाबायचं आणि कसला ते लिहायचं. अर्धा तास असं बसून राहणं कंटाळवाणं असतं, नाक थकतं, आणि मधून कुणी परफ्यूम लावून लॅबमध्ये आलं की सगळं वाया. पण त्या दिवशी एका मिनिटाला मी बटण दाबलं आणि लिहिलं, 'पेज'. भाताची गरम पेज. मान वळवून पडद्यावर पाहिलं, तर रेघ सपाट. काही नाही. डोंगर सोडा, उंबरसुद्धा नाही.

मग यंत्राला सांगितलं की फक्त १११ आणि ८३ या वस्तुमानांकडे बघ, म्हणजे २एपीच्या खुणांकडे. तेव्हा त्या जागी एक छोटी टेकडी उगवली. ही माझी आजवरची सर्वांत आवडती टेकडी आहे.

आता विषयाचा प्रश्न कसा बदलला बघा. सुरुवातीला मी लिहिलं होतं, 'शहापूर व मुरबाड तालुक्यांतील मोहफुलांच्या सुगंधी घटकांचा अभ्यास'. असं शीर्षक दिसलं की समजा, विद्यार्थ्याला अजून प्रश्न सापडलेला नाही. आता माझा प्रश्न असा आहे: पहाटेच्या फुलात असलेला २एपी, फूल सुकताना, आंबताना आणि गाळताना कुठल्या पायरीवर आणि किती हरवतो? याला उत्तर असू शकतं. आणि तो चुकीचा ठरण्याचीही सोय आहे. २एपी आम्लात गेलं की क्षाराच्या रूपात पाण्यात अडकतं; रसायनशास्त्रज्ञ भातातून ते वेगळं काढायला हाच गुण वापरतात. आंबलेला मोह आम्लधर्मी असतो. म्हणून माझा अंदाज आहे की जिनसारखं, म्हणजे न आंबवता ताजं फूल बिनवासाच्या अल्कोहोलमध्ये घालून गाळलं, तर पेजेचा वास जास्त टिकावा. अंदाज चुकला तरी प्रबंध होतो. पहिल्या शीर्षकात अंदाजच नव्हता.

इथे थोडं विषयांतर, पण आमच्या भागातल्या माणसाला ते टाळता येत नाही. मोहावर आजवर जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं दारूबंदी आणि अबकारीच्या कागदांत आहे. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर १८९२ मध्ये मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं गोळा करणं-साठवणं आवळण्यासाठी. झाड अंगणात, फूल दारात पडलेलं, आणि ते उचलणं संशयास्पद. राज्यात फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरचे निर्बंध उठले ते २०२१ मध्ये. मधल्या काळात तेच मोह 'हातभट्टी' या एका शब्दात, काळा गूळ आणि नवसागराच्या रांगेत बसवले गेले. आज गोव्यात आणि आमच्या शेजारच्या डहाणूत परवान्याने मोहाचं मद्य बाटलीत भरलं जातं, छान लेबलं आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त, वास पहाटेचा की उन्हानंतरचा हे ज्यांना दोन वाक्यांत सांगता येतं, त्यांचं नाव लेबलवर कुठे असतं का, ते मी प्रत्येक वेळी शोधते.

मोहापुरतं तरी एक बरं आहे: गळलेलं फूल वेचल्याने झाड मरत नाही. यादीतली उपळसरी तशी नाही. उपळसरी, म्हणजे अनंतमूळ. मुळाला व्हॅनिलासारखा वास, आणि तो योगायोग नाही: त्यातला मुख्य गंधरेणू व्हॅनिलिनचाच समघटक आहे, तेच अणू, जागा बदललेल्या. तो वाफेबरोबर छान वर येतो. जिनवाल्याच्या दृष्टीने सोनं. पण मूळ काढलं की वेल गेली. मी तिचं नाव यादीतून खोडलं, कारण एखादा पेपर गाजून उद्या मागणी आली तर माहुलीच्या पायथ्याला ती किती वर्षं पुरेल हा हिशेब मला जमणार नव्हता. हा माझा निर्णय आहे, तुम्ही वेगळा घेऊ शकता. लागवडीवर काम करणारं कुणी असेल तर जरूर घ्या. आणि रानातलं म्हणजे निर्धोक असंही समजू नका. वेखंडाचा वास सुंदर, पण त्यातल्या बीटा-असॅरोनमुळे अमेरिकेत ते खाद्यपदार्थांत वापरायला १९६८ पासून बंदी आहे.

परवानग्यांचं एक. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचाही काही भाग. पेसा आणि वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क आहे. मी सिनॉप्सिस जमा करण्याआधी ग्रामसभेत जाऊन बसले आणि काय नेणार, किती नेणार, कशासाठी ते सांगितलं. दोन तास लागले. त्यातला दीड तास पाण्याच्या टाकीवर गेला. माझ्याबद्दल एकच प्रश्न आला, "कळल्यावर आम्हाला पण सांगशील ना?" तो मी प्रस्तावनेत मराठीत लिहून ठेवला आहे.

सध्या कुप्या धुऊन तयार आहेत, तंतू नवा आणलाय, लॅबमधल्या सगळ्यांना परफ्यूमबंदीची नोटीस लावली आहे. यंदा एकाच झाडाची फुलं पहाटे चार, सहा, आठ आणि दहाला घ्यायची ठरली आहेत. आजींचा निरोप आला आहे: चारला यायचं तर बॅटरी आण, आणि उशीर करू नकोस, नाहीतर डुकरं आधी येतील.